काचपट्टी शाबूत

रविवारी जेवणं उरकत आली की या घरात खटला उभा राहायचा. आरोप ठरलेला: समाजाचं वाटोळं कोणत्या पिढीनं केलं? आरोपी तीन, वकीलही तेच तीन, आणि न्यायाधीश आई, कारण वाढणारा हात तिचा होता. तिला न विचारता कुणी निकाल देऊन टाकला तर सोमवारी त्याच्या भाजीत मीठ नसायचं. वर्षानुवर्षं हा खेळ चालला होता. निकाल कधी लागला नाही आणि लागावा असं कुणाला वाटलंही नाही. आपल्याच माणसांना तोंडावर नावं ठेवायची आणि वर पुन्हा भात वाढून घ्यायचा, हे सुख कोण सोडेल?

त्या रविवारी मात्र बारकी जेवत नव्हती. ती भाताचे डोंगर करत होती आणि मोडत होती. डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे लागला होता. पावणेदोन.

बारकी म्हणजे छत्तीस वर्षांची, चांगली भरल्या अंगाची बाई, पाणीपुरवठा खात्यात टाक्यांची तपासनीस. ऑफिसात तिला मॅडम म्हणायचे, घरात जन्मापासून चिकटलेलं 'बारकी' काही सुटलं नव्हतं. नवऱ्याची रविवारी ड्युटी असली की ती लेकीला घेऊन आईबाबांकडे जेवायला यायची. लेक नऊ वर्षांची, एका जागी पाय ठरत नाही म्हणून भिंगरी. आज भिंगरी रुसून आतल्या खोलीत बसली होती.

आजोबांनी पहिला वार केला. चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा हयातभर गवंडीकाम आणि मग मुकादमी केलेले. बोटं वाकडी झाली होती, पण आवाज अजून घमेली उचलायला लावणारा होता.

"आमच्या पिढीनं उभं केलं," ते म्हणाले. "शाळा, रस्ता, टाकी. तुम्ही काय केलंत? सह्या."

"उभं केलंत म्हणजे तळं बुजवलंत, झाडं आडवी केलीत आणि प्रत्येक दगडावर नाव कोरून घेतलंत," बाबा म्हणाले. ते टाकीवर ऑपरेटर होते. पंप चालू करायचा, झडपा फिरवायच्या, सगळ्या वस्तीला पाणी सोडायचं. निवृत्तीला चार महिने उरले होते. "तुम्ही मिरवलंत, अण्णा. मागची डागडुजी करता करता आमचे केस पिकले."

"घाबरट पिढी तुमची. साहेब हो म्हणाला की हो. मूग गिळून बसलात म्हणून तर चोरांचं फावलं."

"आणि ही पिढी?" बाबांनी चमच्यानं बारकीकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. "जग बुडायला लागलं तर आधी फोटो काढतील."

इथे बारकीनं उसळून म्हणायचं असायचं, की तुम्ही दोघांनी सगळं चाटूनपुसून खाल्लंत आणि आम्हाला भांडी घासायला ठेवलंत. सगळे वाट पाहत होते. बारकीनं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. ते पाणी त्याच टाकीतलं होतं.

ती टाकी म्हणजे या घराचा मान होता. शाळेच्या मैदानाला लागून, सहा खांबांवर उभी, लांबूनही दिसणारी. आजोबांनी बांधली, बाबा चालवतात, बारकी तपासते. पाहुणा आला की त्याला गच्चीवर नेऊन दाखवायचे, आमची टाकी म्हणून. तिसऱ्या खांबावर दोन पुरुष उंचीवर एक जुना तडा होता, तेवढा मात्र कुणी दाखवत नसे. तडा असणं हे काही नवल नाही. अशा तड्यावर आडवी एक पातळ काचपट्टी बसवतात. दोन्ही टोकं सिमेंटनं घट्ट करतात आणि त्या सिमेंटवर तारीख कोरतात. तडा केसभर रुंदावला तरी काच तुटते. तपासनिसानं वर्षातून एकदा जायचं, काच पाहायची आणि कागदावर लिहायचं: काचपट्टी शाबूत. बारकीनं सात वर्षं तेच लिहिलं होतं, खाली उभी राहून, मान वर करून.

यंदा वरून हुकूम आला की तारखेचा जवळून फोटो हवा. म्हणून काल, शनिवारी सकाळी अकरा वाजता, ती पहिल्यांदा शिडी लावून वर चढली. तारीख धुळीनं भरली होती, ती पुसताना सिमेंटचा पोपडा हलला. खाली आणखी एक पोपडा होता. त्याच्या खाली आणखी एक. प्रत्येकात तुटक्या काचेची एक कड अडकलेली. तिनं नखानं खालचे थर मोजले, पाच भरले. वरच्या थरावर तारीख मात्र एकोणीस वर्षांपूर्वीची. म्हणजे काच पाच वेळा तुटली होती आणि पाच वेळा कुणीतरी नवी बसवून जुनीच तारीख कोरली होती. तिनं करंगळीचं नख तड्यात घातलं. नख आत गेलं, मग बोटाचं टोकही गेलं.

तिनं शिडीवरूनच खाली टाकीभोवतीच्या कुंपणाकडे पाहिलं. त्या कुंपणाच्या फाटकाला एकच कुलूप होतं आणि त्याची किल्ली बाबांच्या कमरेला असायची.

ती खाली उतरली तेव्हा बाबा पंपाला तेल घालत होते. "शाबूत ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं. आणि बारकी म्हणाली, "शाबूत."

तेव्हापासून ती एकच हिशेब पुन्हापुन्हा करत होती. खोटी नोंद म्हणजे बाबांची नोकरी गेली, वर पोलीस. सात वर्षांच्या सह्या तिच्या, म्हणजे तीही गेली. आणि न सांगावं तर टाकी. लाखो लिटर पाणी त्या खांबांवर होतं आणि त्याच्या सावलीत शाळेच्या पोरांची धावण्याची तालीम चालायची, शनिवार-रविवारी चार वाजता, चाळीस पोरं. त्या चाळिसांत भिंगरी नसेल एवढी व्यवस्था बारकीनं कालच केली होती. बाकी काही केलं नव्हतं.

"आज बोलत का नाहीस?" बाबा हसून म्हणाले. "हार मानलीस?"

"बाबा, काच किती वेळा बदललीत?"

"कुठली काच?" आईनं विचारलं. "खिडकीची?"

बाबांनी विचारलं नाही. त्यांनी ताटातला हात उचलला, तो धुवायचं विसरून पंच्याला पुसला.

"पाच वेळा," ते म्हणाले.

"कधी कधी?"

"पहिली खूप टिकली. आठ वर्षं. मग चार. तिसरीही चार वर्षांत गेली." ते थांबले. "दोन याच वर्षी."

सहावी काच किती टिकेल हा आकडा बारकी मनातल्या मनात काढायला लागली आणि मध्येच थांबली.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"पहिल्यांदा सांगितलं होतं. तुझ्या आधीच्या साहेबाला. तो म्हणाला, पोरांचा चेंडू लागला असेल, लाव दुसरी. तुटली असं लिहिलं तर टाकी रिकामी करावी लागेल, महिनाभर लोकांना पाणी नाही, लोक तुझ्याच दारात येतील. मी लावली. मग तू नोकरीला लागलीस. तुझी पहिली तपासणी होती, बारकी. आदल्या दिवशी जाऊन पाहिलं तर तुटलेली. म्हटलं, पोरगी पहिल्याच दिवशी बापाच्या टाकीवर लाल शेरा मारणार? घरी कुणी यायचं असलं की आपण झाडून घेतो ना, तसं. तू यायच्या आधी जाऊन पाहायचो, तुटली असली की नवी लावायचो."

"बघा," आजोबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क विजय होता. "ही यांची पिढी. झाकायचं, पुसायचं, सही करायची. मी काय सांगत होतो इतकी वर्षं?"

"आजोबा," बारकी म्हणाली, "तडा तिथेच का पडला? सहा खांब आहेत."

आजोबांनी पाणी प्यायला पेला उचलला. तो ओठांपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"तो तिसरा ना," ते म्हणाले. "उद्घाटनाची तारीख छापून झाली होती. तिसरा खांब भरताना संध्याकाळी सिमेंट संपलं. अर्ध्यावर थांबलो. सकाळी गाडी आली तेव्हा खालचं सुकून कडक झालेलं. ते खरवडून, धुऊन, मग वर ओतायचं असतं. त्याला दिवस लागला असता. मी तसंच ओतलं. वरून गिलावा मारला, छान गुळगुळीत केला."

"म्हणजे खांब जोडलेलाच नाही?"

"बसतं कधी कधी. मला वाटलं, बसेल." ते मान खाली घालून ताटातल्या काकडीच्या फोडीशी बोलत होते. "चाळीस वर्षं मी त्या रस्त्यानं गेलो नाही. पाहुण्यांना गच्चीवरून दाखवायचो, लांबूनच."

बारकीला आठवलं, खरंच, आजोबा शाळेला नेहमी मागच्या गल्लीनं सोडायला यायचे. लांबचा रस्ता होता तो. तिला वाटायचं, आजोबांना तिच्याशी गप्पा मारायला जास्त वेळ हवा असतो.

"आणि तू?" बाबांचा आवाज चढला. भ्यालेल्या माणसाचा चढतो तसा. "सात वर्षं तपासनीस आहेस. एकदा शिडी चढली असतीस तर पहिल्याच वर्षी दिसलं असतं. का नाही चढलीस?"

"तुमची टाकी होती म्हणून."

गप्प बसणं या घराला जमत नाही. आजोबा म्हणाले, मूळ चूक माझी धरा, पण लपवाछपवी यानं केली. बाबा म्हणाले, मुळातच पोकळ दिलंत आणि आम्ही काय टेकू देत बसायचं होतं? आजोबा म्हणाले, निदान आमच्या काळी माणूस लाजायचा. बाबा म्हणाले, लाजून मागच्या गल्लीनं जायचा, हो ना? बघता बघता नेहमीचा रविवार उभा राहिला. तेच आवाज, तेच हातवारे, फक्त दुप्पट जोरात. बारकीला कळत होतं की ते भांडत नाहीयेत, ते लपतायत. तिसरा खांब बोलण्यात येऊ नये म्हणून पिढ्या बोलण्यात येत होत्या. घड्याळात सव्वादोन झाले होते.

आईनं भांडं जरा आपटूनच खाली ठेवलं. दोघं थांबले.

"आज पोरं असतात का तिथे?" तिनं विचारलं.

"चार वाजता. चाळीस."

"आपली?"

"नाही. खेळाच्या बाईंना कालच फोन केला. खोकला आहे म्हणून सांगितलं. आज संध्याकाळीही येणार नाही म्हटलं."

"बरं केलंस," आई म्हणाली.

आणि चौघांचे खांदे खाली आले. अगदी डोळ्यांना दिसतील असे आले. बाबांनी तोंडावरून हात फिरवला. आजोबांनी मघापासून धरलेला पेला एकदाचा पिऊन टाकला. "आज सुट्टी आहे," बाबा म्हणाले, "ऑफिसात कोण भेटणार? उद्या सकाळी रीतसर कळवू." "इतकी वर्षं उभी आहे," आजोबा म्हणाले, "एक दिवस उभी राहील." आई म्हणाली, "उद्या मी सोबत येते हवं तर." कोणत्याही रविवारी, कोणत्याही विषयावर या घरात इतकं एकमत झालं नव्हतं. बारकीच्या लक्षात आलं की तिची स्वतःची मानसुद्धा हलतेय, हो, हो, उद्या.

आतल्या खोलीच्या दारात भिंगरी येऊन उभी होती. तिला वाटलं, तिच्याबद्दल चाललंय. ती खोकली. दोनदा कोरडं, एकदा ओढून, शेवटी धाप लागल्यासारखं. काल बारकीनं फोन तिच्या तोंडाशी धरून तिला खोकायला लावलं होतं, तस्सं.

"असंच ना, आई?" तिनं विचारलं. "बाईंचा फोन आला तर परत करते. पण मग उद्या शाळेत तरी मला धावू देशील?"

बारकीला भीती वाटली. कालपासून वाटत होती, पण ती टाकीची होती, पोलिसांची होती. ही वेगळी होती. समोर बसलेली तिची तीन माणसं, ज्यांच्या मांडीवर ती मोठी झाली, ती तिला एकदम अनोळखी दिसायला लागली, आणि आरशात पाहिलं असतं तर चौथंही तसंच दिसलं असतं. आणि दारात पाचवं. नऊ वर्षांचं, शिकवलं तेवढं चोख करणारं.

ती उठली. खुर्ची मागे पडली, ती कुणी उचलली नाही.

"बाबा, टाकी रिकामी व्हायला किती वेळ?"

"बारकी, ऐक..."

"किती?"

"खालची मोठी झडप उघडली तर दोन तास. पण ती गंजलीये. कित्येक वर्षांत फिरवली नाही."

"कुठे आहे?"

बाबांनी आईकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी," ते म्हणाले.

आता बाबांनी जावं की जाऊ नये हे बारकीलाच सांगवेना. जा म्हणावं तर बापाला त्या खांबाखाली पाठवतेय. जाऊ नका म्हणावं तर उद्याचीच गोष्ट पुन्हा सुरू होईल. बाबा साठीला आलेले, गुडघे दुखणारे, चार महिन्यांनी सत्कार होणार म्हणून नवा सदरा शिवून ठेवलेले. ते उठले. किल्ल्या कमरेला असूनही त्यांनी दोनदा चाचपल्या. पायाला चपलेचा अंगठा सापडेना. आईनं वाकून चप्पल सरळ केली आणि स्वतःच्याही पायात घातली.

"तू कशाला?" बाबा म्हणाले.

"गंजलीये म्हणालात ना. दोन हात जास्त असू दे."

"आत यायचं नाही. फाटकाबाहेर थांबायचं."

"बघू तिथे गेल्यावर."

स्कूटर सुरू व्हायला तीन लाथा लागल्या. निघताना बाबा मागे वळून म्हणाले, "साहेबांना मी सांगतो. झडप उघडली की लगेच सांगतो. तू फक्त पोरांना थांबव." मग दोघं कोपऱ्यावरून वळले आणि बारकी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. पळत मागे जावं, दोघांना ओढून आणावं, असं तिला इतकं वाटलं की तिनं दाराची चौकट धरून ठेवली.

अडीच वाजून गेले होते. तिनं खेळाच्या बाईंचा नंबर लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मागून पोरांचा गलका ऐकू आला.

"बोला," बाई म्हणाल्या. "कसा आहे खोकला? आम्ही आज लवकरच जमलोय, पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे ना. पंधरावीस आलीत, बाकीची येतायत."

"बाई, पोरांना तिथून काढा. आत्ताच्या आत्ता. टाकीपासून लांब, रस्त्याच्या पलीकडे. खांब धोक्याचा आहे. मी पाणी खात्यातून बोलतेय असं समजा."

बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. शिट्टी वाजली, लांब, मग पुन्हा. "सोडा सगळं, बाटल्या राहू देत, रस्त्यापलीकडे पळा," असं ओरडणं ऐकू आलं, पायांची धडधड, कुणाचं तरी रडणं, कुणाचं तरी खिदळणं. फोन चालूच होता. बारकी फोन कानाला दाबून ऐकत होती. तिला वाटत होतं की मध्येच तो दुसरा आवाज येईल, जो तिनं कधी ऐकला नव्हता आणि तरी तिला ओळखू आला असता. तो आला नाही. पायांचे आवाज लांब गेले. गाड्यांचे आवाज जवळ आले.

"सगळी आली पलीकडे," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "मोजली मी. अठरा. बाकीच्यांना मी इथेच अडवते. एक माणूस स्कूटरवरून आलाय, फाटक उघडतोय, बरोबर बाई आहे एक."

"ते आमचेच आहेत. टाकी रिकामी करतायत."

"केव्हा कळलं तुम्हाला?"

साधा प्रश्न होता. बारकीनं मागे पाहिलं. आजोबा भिंतीला धरून धरून तिच्यामागे येऊन उभे राहिले होते. ते मान हलवून, ओठांनीच सांगत होते: आत्ता. आत्ताच कळलं म्हण. त्यांच्या डोळ्यांत वाईट काही नव्हतं. नात वाचावी एवढंच होतं, आणि बहुतेक त्या सिमेंटच्या गाडीची वाट पाहतानाही एवढंच काहीतरी असेल. भिंगरी त्यांचं बोट धरून उभी होती आणि आईकडे बघत होती, आई काय म्हणते ते ऐकायला.

"काल," बारकी म्हणाली. "काल सकाळी अकरा वाजता."

पलीकडे नुसते रस्त्यावरचे आवाज होते. एक ट्रक गेला. मग दुसरा.

"काल मी पोरांना सहा वाजेपर्यंत पळवलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. हिशेब लावत बोलावं तसं त्या सावकाश बोलत होत्या. "ऊन होतं म्हणून टाकीच्या सावलीत बसवलं होतं सगळ्यांना. तिथेच पाणी प्यायली. माझा धाकटाही होता."

बारकीनं भिंगरीकडे पाहिलं.

"तुमची नव्हती काल," बाई म्हणाल्या.

"नाही," बारकी म्हणाली. "नव्हती."